पथ्याचा डबा बंद

सोमवारपासून माझ्याकडे 'पथ्याचा डबा' मिळणार नाही. ज्यांना कळवलं त्यांचे फोन आले, काही चांगलेच तापलेले होते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

डोंबिवलीत पोळीभाजीचे डबे देणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, हा संवाद तिला पाठ असेल. "ताई, ह्यांचं कोलेस्टेरॉल निघालंय. उद्यापासून ह्यांचा डबा बिनतेलाचा." बाकीचे तीन? "ते नेहमीसारखेच. मुलांना काय झालंय?" मग एका डब्यात उकडलेला दुधी आणि कोरड्या पोळ्या, त्याच पिशवीत तीन डबे लाल तवंगाच्या भरल्या वांग्यांचे. उघडणार सगळे एकाच टेबलावर. तो माणूस काही दिवस निमूट दुधी गिळतो, मग बायकोच्या ताटातलं अर्धं वांगं उचलतो, आणि लवकरच फोन येतो, "राहू दे ताई तो वेगळा डबा, ह्यांना जातच नाही." जाणार कसा? एकाला आश्रमात बसवायचं आणि शेजारी लग्नाची पंगत मांडायची, यात त्या बिचाऱ्याच्या निर्धाराला कशाला नावं ठेवायची?

रिपोर्ट एकाचा असला तरी तेलाचा कॅन, बेकरीची पुडी आणि रविवारचा नाश्ता सगळ्या घराचा एकच असतो. बदलायचं तर ते बदला, आणि सगळ्यांसाठी बदला. माझं म्हणणं एवढंच आहे.

तेलापासून सुरुवात करते, कारण त्यातलं मला कळतं. आपल्याकडे भांडण कायम 'कुठलं तेल' यावर. शेंगदाणा की सूर्यफूल, करडई की राइस ब्रॅन, आता लाकडी घाण्याचं. कॅनवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं असलं की जीव भांड्यात पडतो. अहो, वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं! ते दूध, अंडी, मांसमच्छी अशा प्राण्यांकडून आलेल्या पदार्थांत असतं. आपल्या रक्तातलं बरंचसं तर आपलं यकृतच बनवतं. खाण्यातले संपृक्त मेद, म्हणजे तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांतले, वाढले की रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून नेण्याचं यकृताचं काम मंदावतं आणि ते फिरत राहतं. फरसाणच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, पामोलिन सापडेल. घरी महागडं तेल आणायचं आणि पाकिटातून पाम खायचं, असला आपला हिशोब.

आता 'किती'. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या सूचना नव्याने काढल्या. त्यात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे, आणि त्यात वरणावरचं तूपही आलं. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा कॅन सहा आठवडे पुरला पाहिजे. तुमचा किती पुरतो? कॅनवर मार्करने तारीख घाला, उत्तर आपोआप मिळेल. दिवाळीचा महिना मोजू नका, तेवढी सूट माझ्याकडून. पण तळणाचं उरलेलं काळपट तेल महिनाभर फोडणीला वापरायची जी काटकसर चालते, ती बंद करा. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल खराब होतं, वासावरूनच कळतं.

"कमी तेलात चव येत नाही" हे मला कोणी सांगू नये. मोठ्या कढईत चमचाभर तेल घातलं तर ते पसरतं, मोहरी तडतडायच्या आधीच करपते, मग आपण आणखी दोन पळ्या ओततो. फोडणी छोट्या लोखंडी कढल्यात करा. तेवढंच तेल तिथे खोल साचतं, मोहरी नीट फुटते, हिंग-कढीपत्त्याचा वास सुटतो. ती फोडणी शिजलेल्या उसळीवर शेवटी घाला आणि लगेच झाकण ठेवा, पहिल्याच घासाला जाणवते. कांदा परतताना मीठ आधी टाका, त्याला पाणी सुटतं. भाजी लागायला लागली तर तेल न ओतता झाकणावर पाणी ठेवा. आपल्या आज्या हेच करायच्या, आपल्याला नॉनस्टिकनंतर विसर पडला. गिऱ्हाइकांचंही सांगते. तवंग कमी दिसला की "ताई, काटकसर चाललीय वाटतं" असा मेसेज येतो. तेल म्हणजे सढळ हात, हे डोक्यात पक्कं बसलंय.

तेल कमी करून पोट भरायचं कशाने? मटकी, चवळी, राजमा, गवार, भेंडी, वांगी, मेथीदाणे, ओट्स, जव. यांत पाण्यात विरघळणारा, बुळबुळीत होणारा तंतू असतो. तो आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. भेंडीची बुळबुळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रोज वाटीभर उसळ, इतकं साधं आहे. पण आपल्याकडे रिपोर्ट आला की पहिल्यांदा अंडं बंद होतं, आणि चहाबरोबरची खारी चालूच राहते! ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल गोठवून डालडा करताना तयार होणाऱ्या घातक मेदावर, २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आली ते चांगलंच झालं, पण खारीच्या पापुद्र्यांत मैदा आणि डालडा-मार्गारिनच आहे, शतावरी नाही.

घराऐवजी अख्खा जिल्हा बदलल्याचं उदाहरणही आहे. फिनलंडमधला उत्तर करेलिया. १९७०च्या सुमारास फिनलंडचे पुरुष हृदयविकाराने मरण्यात जगात सर्वांत पुढे होते, आणि त्यातही हा दूधदुभत्याचा भाग आघाडीवर. ब्रेडवर लोण्याचा थर, साईचं दूध, चरबीचं मटण, वर सिगारेट. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२मध्ये पेक्का पुस्का नावाच्या विशीतल्या डॉक्टरच्या हाती काम आलं. ज्यांचे रिपोर्ट वाईट तेवढ्यांना त्याने वेगळं बसवलं नाही. तिथल्या गृहिणींच्या 'मार्था' संघटनेला हाताशी धरलं. बायका गावोगाव जमून नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत आणि जास्त भाज्या घालून करायच्या, एकमेकींना खायला घालायच्या. पुढे तर गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्पर्धा लागल्या. चाळीसेक वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सिगारेट सुटली, बीपी आटोक्यात आलं, नंतर उपचारही सुधारले, पण उतरलेल्या कोलेस्टेरॉलचा त्यात मोठा वाटा होता. महिला बचतगटांचं जाळं असलेल्या आपल्या राज्यात हे जमू नये?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी. "ताई, तुमच्या डब्याने माझी गोळी सुटेल ना?" हे मला विचारायचं नाही. मनापासून खाणं बदललं तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं, काहींचं जास्त. १४०च्या माणसाला तेवढ्याने फरक पडेल. १९०च्या वर असेल तर तो घराण्यातून आलेला वारसा असू शकतो, तिथे उसळ एकटी पुरणार नाही आणि मुलांचंही रक्त तपासायला हवं. किती हवं यासाठी कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये खास भारतीयांसाठी आकडे दिलेत. सर्वसाधारण माणसाला एलडीएल १००च्या खाली, मधुमेह किंवा बीपीसारखी जास्त जोखीम असेल तर ७०च्या, ॲटॅक येऊन गेलेल्याला ५५च्या खाली. त्यामुळे लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेलं दिसलं तरी ते तुमच्यासाठी नॉर्मल असेलच असं नाही. लसूण-आलं-लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज उघडतात, हा फॉरवर्ड मला पुन्हा कोणी पाठवला तर मी ग्रुप सोडेन. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

चालण्याबद्दल थोडक्यात. त्याने एलडीएल फारसं हलत नाही, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), पोटाचा घेर, साखर, बीपी सगळ्याला फायदा होतो. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी, ही जोडी नेहमीची. भाताचा डोंगर, गोड चहा आणि शनिवारची 'थोडीशी' ट्रायग्लिसराइड आणखी वाढवतात. तंबाखू कुठल्याही रूपात नको. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, 'दात घासायची' म्हणून तिला सवलत नाही.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पथ्याच्या डब्याची चौकशी करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. नवऱ्याचा एलडीएल, सासऱ्यांचं किडनीचं क्रिएटिनिन तोंडपाठ. "तुमचं किती?" विचारलं की हसतात. "माझं काय, मी धडधाकट आहे." पाळी गेल्यावर बाईचं एलडीएल वाढतं. थायरॉइड मंद असेल तरीही वाढतं, आणि तो तर आपल्यात घरोघरी. काहीच दुखत नाही, म्हणून कळत नाही. नवऱ्याचं रक्त घ्यायला माणूस घरी येतो ना, त्याच्यासमोर आपलाही हात पुढे करा. पहिल्या तपासणीला उपाशीपोटी असायलाच हवं असंही आता नाही, त्यामुळे "मी चहा घेतला" हे कारण चालणार नाही.

तर सोमवारपासून माझ्याकडे एकच डबा. सगळ्यांना तोच. कमी तेल, रोज एक उसळ, पोळ्यांना वरून तेल नाही, भात निम्मा आणि कोशिंबीर दुप्पट. ज्यांना तवंगच हवा त्यांना दोन गल्ल्या सोडून चांगली मेस आहे, नंबर मीच देईन.

आणि हो, तेल कमी झालं तर दर कमी होणार का, असं एका काकांनी विचारलंय. नाही होणार. एकदा बाजारात जाऊन गवारीचा भाव विचारून या.