शाळेत निसर्गबाग करायची? आधी मे महिन्याचं पाणी ठरवा

जून-जुलै आला की नागपुरात शाळाशाळांत वृक्षारोपण होतं. पाहुणे येतात, बॅनर लागतं, पन्नास रोपं, फोटो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, कित्येकदा त्याच खड्ड्यांत. रोपं लावायला हात भरपूर मिळतात. मे महिन्यात पाणी कोण घालणार हे मात्र ठरलेलं नसतं. ते ठरल्याशिवाय एकही खड्डा खणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब साधा आहे. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी धरा. 30 रोपं म्हणजे आठवड्याला 600 लिटर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे ऐन नवतप्यात, मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, शाळेला कुलूप. एका कुटुंबाला सहा रोपं झेपतात, एका खेपेला सहा बादल्या. शाळेच्या आसपास राहणारी आणि सुट्टीत गावाला न जाणारी पाच कुटुंबं मिळाली तर 30 रोपं लावा. दोनच मिळाली तर बारा लावा, त्यात कमीपणा काही नाही.

मग प्रश्न किल्लीचा. सुट्टीत फाटक कोण उघडणार, बोअरची मोटार कोण लावणार, टाकी रिकामी असली तर फोन कोणाला? हे मार्चमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा आणि ठरावात लिहून घ्या. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांची बदली झाली की संपते. चौकीदारकाकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. बाग कोणाच्या भरवशावर उभी राहत असेल तर त्यांच्याच.

पाण्याची बचत करायची तर मटका गाडा. पाच-सहा लिटरचा, रंग न लावलेला साधा मातीचा मटका, रोपापासून फूटभर अंतरावर, गळ्यापर्यंत जमिनीत. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. बोअरच्या जड पाण्याने मटक्याची छिद्रं बुजतात, तेव्हा पावसाळ्यानंतर काढून ब्रशने घासायचा. आणि एक खास नागपुरी सूचना: कूलरच्या टाकीच्या तळाचं उरलेलं पाणी रोपांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पॅडवर साचणारा पांढरा थर तोच.

आता माती. सेमिनरी हिल्सकडे थोडं खणलं की मुरूम लागतो, पण शहराच्या बऱ्याच भागात भारी काळी माती आहे आणि सर्वांत जास्त रोपं तिथेच फसतात. लोक दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा करतात, भुसभुशीत माती-शेणखत भरतात आणि निर्धास्त होतात. ऑगस्टच्या झडीत चहूकडचं पाणी त्या मऊ जागेत मुरतं, भोवतालची चिकण माती ते बाहेर जाऊ देत नाही, मुळं कुजतात. वरून पानं पिवळी दिसतात म्हणून कोणीतरी आणखी पाणी घालतं! खड्डा खणला की बादलीभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर रोप जमिनीच्या वर वीतभर उंच वरंब्यावर लावा आणि उताराच्या बाजूला चर काढा. वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी स्थिती, नसताना काळ्या मातीत फावडं घालूच नका. ओली माती पायाखाली दबली की वाळून विटेसारखी होते.

उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि भेगांत बारीक मुळं तुटतात. उपाय पाचोळ्याचा. फेब्रुवारी-मार्चची पानगळ पोत्यांत भरून ठेवा, एप्रिलमध्ये आळ्यात चार बोटं जाड थर द्या, खोडापासून मात्र थोडं अंतर सोडून. इथेच शाळेच्या स्वच्छतेशी गाठ पडते. पाचोळा म्हणजे कचरा, तो झाडायचा आणि जाळायचा, ही सवय आहे. सफाई करणाऱ्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. बागेची हद्द विटा लावून आखा आणि या विटांच्या आत झाडू नाही, एवढंच ठरवा.

झाडं इथलीच घ्या: पळस, बहावा, करंज, बेल, आवळा, कवठ. उंच रोपाच्या मोहात पडू नका. दोन-तीन फुटांचं रोप लवकर रुजतं, पिशवीत म्हातारं झालेलं रोप मुळांचा वेढा घेऊनच जमिनीत जातं. पिशवी कापल्यावर गोल फिरलेली मुळं कापून टाका. कोनोकार्पस, सुबाभूळ, घाणेरी नको. कण्हेर विषारी आहे, शाळेत अजिबात नको.

कढीपत्त्याची मात्र तीन झाडं लावा, एक पोषण आहाराच्या वरणाला आणि दोन सुरवंटांना. पिवळ्या-काळ्या फुलपाखराचं पिल्लू आधी पाखराच्या विष्ठेसारखं दिसतं, मोठं झालं की हिरवंगार होतं. डिवचलं तर डोक्यामागून दुटोकी शिंग बाहेर काढतं आणि उग्र वास सोडतं. मुलं ते बघायला रांग लावतात. आणि नेमकं याच वेळी एखादा उत्साही स्वयंसेवक ‘कीड लागली’ म्हणून फवारणी करतो. बागेत औषध मारायचं नाही हा नियम पहिल्याच बैठकीत सांगून टाका. पावसाळ्यात आपोआप उगवणारा तरोटाही एका कोपऱ्यात राहू द्या, छोटी पिवळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. रुई लावायची तर मागच्या कुंपणाशी, तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. गाजरगवत जुलैमध्ये, फुलायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट उपटा. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं, मुलांना यात घेऊ नका.

पाखरांसाठी पाण्याचं पसरट मातीचं भांडं पुरे, दर दोन दिवसांनी रिकामं करून घासलेलं. छोटं तळं हवंसं वाटतं, पण डेंग्यूच्या दिवसांत त्याची निगा कोण राखणार हे ठरलं नसेल तर करू नका.

पहिल्या वर्षी काही रोपं जाणारच. त्यांच्या जागी डिसेंबरमध्ये घाईने नवी लावू नका, लगेच उन्हाळा अंगावर येतो. थेट पुढच्या पावसाळ्यात लावा. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकच पाणी, पण सावकाश आणि खोलवर. तिसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक झाडांना पंधरा दिवसांनी दिलं तरी चालतं. तेव्हा त्या पाच कुटुंबांचे हात मोकळे होतात, आणि मगच दुसरा तुकडा लावायला घ्या.