‘एम.एड. म्हणजे दोन वर्षं पाण्यात’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

शिक्षकांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. मला ती तिघांनी पाठवली, त्यातल्या दोघांनी खाली ‘शंभर टक्के सहमत’ लिहून. मजकूर थोडक्यात असा: शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी म्हणजे दोन वर्षं आणि फी पाण्यात. तिने शिकवणं सुधारत नाही, हे संशोधनाने सिद्ध झालंय. नोकरी देताना ती कोणी बघत नाही, बढती सेवाज्येष्ठतेनेच मिळते आणि पदवीमागे मिळणारी पगारवाढ हा विद्यापीठांनी चालवलेला धंदा आहे. मी बरीच वर्षं एम.एड.च्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध तपासते आहे, त्यामुळे मी काही तटस्थ नाही. पण पोस्टही नाही.

‘संशोधनाने सिद्ध झालंय.’ यातलं अर्धं मला मान्य आहे. रिव्हकिन, हनुशेक आणि केन या अर्थतज्ज्ञांनी टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांच्या गुणांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकाकडे मास्टर्स पदवी आहे म्हणून मुलांचे गुण वाढले, असं त्यात दिसलं नाही. अनुभवाचा फायदा दिसला, तोही पहिल्या काही वर्षांपुरता. मात्र अशा हिशेबात सगळ्या मास्टर्स पदव्या बहुधा एकाच रकान्यात जातात. गोल्डहेबर आणि ब्रूअर या संशोधकांनी त्या विषयवार वेगळ्या केल्या, तेव्हा गणितातली पदवी असलेल्या शिक्षकांची मुलं गणितात पुढे निघाली. हा निष्कर्ष एम.एड.च्या बाजूचा नाही, हे मला कळतं. गणिताच्या शिक्षकाला आयुष्यभर वर्गातच राहायचं असेल, तर मीही त्याला आधी गणितात एम.एस्सी. कर म्हणेन. माझा आक्षेप दुसराच आहे. मुलांचे गुण वाढतात का, हा एक प्रश्न. शिक्षकाला नोकरी आणि बढती मिळते का, हा दुसरा. पोस्टने पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलंय.

‘नोकरी देताना कोणी बघत नाही.’ कुठे, ते पोस्टमध्ये नाही. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकातल्या सुधारणांपासून प्राथमिक शिक्षकालाही मास्टर्स लागते. पोर्तुगालने २००७ मध्ये तोच नियम केला. न्यूयॉर्क राज्यात सुरुवातीच्या परवान्यावर नोकरी मिळते, पण पक्का परवाना हवा तर साधारण पाच वर्षांत मास्टर्स पूर्ण करावी लागते. तिथे प्रश्न पदवी बघतात की नाही हा नसतोच, तिच्याशिवाय टिकता येत नाही. जिथे असा नियम नाही, तिथे पदवीचं वजन हलकं होतं, हेही खरं.

‘बढती सेवाज्येष्ठतेनेच.’ अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मुख्याध्यापकाच्या परवान्यालाच मास्टर्स लागते. वीस वर्षं नोकरी झाली तरी पदवी नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. उलट सिंगापूरमध्ये अध्यापन, नेतृत्व आणि तज्ज्ञ अशा तीन वाटा आहेत आणि पुढची पायरी मुख्यतः कामाच्या मूल्यमापनावर ठरते. नुसतं प्रमाणपत्र दाखवून तिथे काही होत नाही. म्हणजे आपल्या सेवाशर्ती वाचल्याशिवाय या वाक्याला खरं किंवा खोटं म्हणताच येत नाही.

आता ‘विद्यापीठांचा धंदा’. पोस्टमधलं हे मला सगळ्यात खटकलं, कारण इतिहास नेमका उलटा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत प्राथमिक शिक्षकांना माध्यमिकपेक्षा कमी पगार असे. प्राथमिकला बहुतेक स्त्रिया, माध्यमिकला पुरुष जास्त. १९२१ मध्ये डेन्व्हर आणि डी मॉइन या शहरांनी एकच वेतनश्रेणी आणली: पगार ठरणार तो फक्त पदवी आणि सेवेच्या वर्षांवरून. कोणत्या इयत्तेला शिकवता, बाई की पुरुष, हे बघायचं नाही. १९५० पर्यंत जवळजवळ सगळीकडे ती पद्धत आली. पदवीमागची वाढ आज वाजवी आहे का, यावर जरूर भांडा, पण ती जन्माला आली पगारातला पक्षपात मोडायला.

पोस्टमधला हुकमी एक्का म्हणजे अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. तिथे २०१३ मध्ये नव्या शिक्षकांची मास्टर्सबद्दलची सुमारे १० टक्के वाढ बंद झाली, हे बरोबर. पण शालेय समुपदेशकासारख्या ज्या पदांना मास्टर्स आवश्यकच आहे, त्यांची वाढ राहिली. हे पोस्टमध्ये कसं नाही?

आणि एक गोष्ट जी कुठल्याच वेतनश्रेणीत येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी स्वतःचेच तास रेकॉर्ड केले आणि स्टॉपवॉच घेऊन बसली: प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते? मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं आणि शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं होतं. हिचंही तेवढंच निघालं. “मॅडम, मला वाटायचं मी वाट बघते,” असं म्हणाली. मग तिने मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायची सवय लावली, पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि मागच्या बाकावरची दोन मुलं पहिल्यांदा आपणहून बोलली. पुढे मुलाखतीत ‘तुमच्या अध्यापनातली एक उणीव सांगा’ असं विचारल्यावर इतर उमेदवार ‘मी फार मेहनत घेते’ छाप उत्तरं देत होते. हिने वहीतले आकडे सांगितले आणि तिची निवड झाली. पदवीमुळे की वहीमुळे, ते निवड समितीला ठाऊक.

पोस्टमधलं एक वाक्य मात्र मी खोडणार नाही: ‘बी.एड. संपल्यावर लगेच एम.एड.ला पळू नका.’ पदवीनुसार वेतनश्रेणी ठरलेली असते तिथे असा उमेदवार शाळेला महाग पडतो आणि वर्गाचा अनुभव शून्य. गेल्या वर्षी असाच एक मुलगा आला होता. लघुप्रबंधाचा विषय चांगला निवडला, साधनं तयार केली, आणि माहिती गोळा करायची वेळ आली तेव्हा मैत्रिणीच्या वर्गात पाहुणा म्हणून जाऊन बसला. स्टॉपवॉच याच्या हातात होतं, प्रश्न मात्र ती विचारत होती.