ब्लॅकआऊटमध्ये मी कुठंय?

डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं. अटेंडन्स ६१ टक्के, लागतात ७५. कारण पुरुषोत्तम करंडक, दुसरं काय. १९६३ पासून चालूय ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, म्हणजे कितीतरी पिढ्यांचा अटेंडन्स भरत नाट्य मंदिराच्या विंगेत गेलाय, त्यात माझा चौदा टक्के.

सरांची सही मिळाली, मग अर्ज घेऊन ऑफिसच्या खिडकीत गेलो. काका डबा खात होते, वाटाण्याची उसळ, अर्जावर एक थेंब पडलाच.

"रोल काय तुझा?"

"बॅकस्टेज, काका. सेट."

"म्हणजे स्टेजवर नव्हतास."

"होतो ना, ब्लॅकआऊटमध्ये. लेव्हल हलवायला, म्हणजे सेटचे लाकडी चौथरे."

"मग कुणाला दिसलास?"

"दिसायचंच नसतं काका, दिसलो तर पोरं जीव घेतील."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "दिसला नाहीस, तर होतास हे मी कशावरून धरायचं?"

आता याला काय उत्तर देणार! महिनाभर रात्री अकरापर्यंत तालीम, अंधारात रेडियमची पट्टी बघून लेव्हल बरोब्बर जागेवर ठेवायची, ती एकदा पायाच्या अंगठ्यावर ठेवली तर ओरडायचीपण सोय नाही, नख अजून निळं आहे, ते दाखवू का म्हणलं तर काका म्हणाले नख चालत नाही, फोटो लागतो. मग त्यांनी डबा बाजूला सारून स्वतःची कहाणी लावली. गॅदरिंगच्या नाटकात ते भालदार होते. "एकच वाक्य होतं, पण दिसत होतो!" मागं लाईन दारापर्यंत गेलेली, आणि काका खुर्चीतून उठून पंचपात्राचा भाला करून मला भालदार दाखवतायत.

हसू येतं, पण खरं सांगू, चीडच जास्त येते. आम्ही फायनलला गेलो तेव्हा गेटवर फ्लेक्स लागला त्यावर प्राचार्य, संस्थेचे सगळे पदाधिकारी, ज्यांना नाटकाचं नावसुद्धा धड माहीत नाही ते पण हसतायत, आणि खाली बारीक अक्षरात "व इतर". तो इतर मी. आणि बुडवलेल्या लेक्चरांपैकी निम्म्यांना सर पेपर तपासायला गेलेले, पण माझी मात्र अ‍ॅबसेंटी लागलेली, ती बरोबर दिसते यांना.

आज फोटो नेला. ग्रुपवर एकाने ब्लॅकआऊटमध्ये काढलेला सापडला, दहा रुपये घालून कलर प्रिंट मारली. पूर्ण काळी. काकांनी ती ट्यूबलाईटसमोर धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"यात तू कुठला?"

मी डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. काकांनी बराच वेळ बघितलं.

"गोल कर त्याच्याभोवती."

निळं पेन काळ्यावर उठेना.

"व्हाईटनरनी कर."

व्हाईटनर मागितला, तर स्टोअरला संपलाय, सोमवारी या.