थोरली, धाकटी आणि दहाचा पाना

रविवारी सकाळी सात चाळीसला आमच्या गॅरेजमध्ये पाल चुकचुकली. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहायला आल्यापासून घरात पाल दिसलेली नाही, त्यामुळे आधी मला जरा बरंच वाटलं. मग कळलं की आवाज गाडीच्या डॅशबोर्डमधून येतोय. बटण दाबलं की टकटकटकटक. त्याबरोबर समोरचे सगळे दिवे एकदम लागायचे आणि एकदम विझायचे: इंजिन, ब्रेक, एअरबॅग, टायर, आणि बारा वर्षांत कधीच न दिसलेलं एक कासव.

मुलगी मागच्या सीटवर मराठी शाळेचं दप्तर घेऊन बसली होती.

"बाबा, गाडी मेली?"

"गाडी मरत नाही, बंद पडते," मी सांगितलं. शाळा अशी जागच्या जागीच सुरू झाली.

या गाडीची जात आधी सांगायला हवी. कंपनीचं नाव सांगत नाही, बारा वर्षं तिचं मीठ खाल्लंय. ही प्लग-इन हायब्रिड. रात्री भिंतीला लावून चार्ज करायची, आणि चार्ज संपला की हू की चू न करता पेट्रोलवर जायची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण ही दोन्ही घरी जेवून येणारी. २०१३ साली घेतली तेव्हा मी मित्रांना पर्यावरणावर बरंच काही ऐकवलं होतं. खरं कारण बंपरवर चिकटवलेलं होतं. त्या काळी कॅलिफोर्नियात असल्या गाड्यांना हिरवा स्टिकर मिळायचा, आणि तो असला की गाडीत एकटा माणूस असूनही कारपूल लेनमधून, म्हणजे एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनमधून, जाता यायचं. रोज सकाळी ८८० नंबरच्या हायवेवर शेजारच्या चार लेन मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकत असायच्या आणि मी एकटा वऱ्हाडाच्या लेनमधून नवरदेवासारखा निघून जायचो. १ जानेवारी २०१९ ला हिरव्या स्टिकरची मुदत संपली. पुढे बाकीच्या रंगांचीही सद्दी ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, तेव्हा मी कुणाला दाखवलं नाही, पण मला थोडं समाधान झालं. माझा स्टिकर अजून बंपरवर आहे. निवडणूक होऊन गेल्यावर भिंतीवर राहिलेल्या पोस्टरासारखा.

तर या गाडीच्या पोटात दोन बॅटऱ्या. आमच्या घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात.

थोरली म्हणजे मोठं प्रस्थ. लिथियम-आयनची, तीनशेच्या आसपास व्होल्टची, मागच्या सीटच्या पाठीमागे ऐसपैस बसलेली. तिच्यामुळे डिकीत दोन बॅगा मावायची मारामार. तिच्याकडे जाणाऱ्या केबल केशरी असतात. आपल्याला केशरी म्हटलं की जिलबी आठवते, इथे केशरी म्हणजे हात लावशील तर बघ. नवी होती तेव्हा एका चार्जमध्ये वीस मैल न्यायची. आता अकरा. माझ्या गाडीला बॅटरीची वॉरंटी दहा वर्षं किंवा दीड लाख मैल होती, आणि त्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हळूहळू क्षमता कमी होत जाणं हा दोष धरला जाणार नाही. म्हणजे झटकन गेली तर कंपनीची, झिजत झिजत गेली तर तुमची. थोरलीने ते वाचलं असावं. दहा वर्षं ठणठणीत राहिली आणि अकराव्या वर्षापासून दम टाकू लागली.

गेल्या वर्षी मी तिला दाखवायला घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने दोन तासांनी मला बाजूला घेतलं. बाजूला घेतलं, तिथेच मी काय ते समजलो. आवाज खाली आणून तो म्हणाला, नवी टाकायची तर मजुरी धरून अकरा हजार चारशे डॉलर. गाडी विकायला काढली तर तिचे सगळे मिळून पाच हजारही येणार नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे इंग्रजीत सांगण्याचा मी प्रयत्न केला. त्याने "आम्ही कोंबडीचं काम करत नाही" अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून मी तिला जपत होतो. उन्हात लावायची नाही, रात्रभर काठोकाठ भरून ठेवायची नाही, कारण उष्णता आणि भरल्या पोटी नुसतं बसून राहणं, या दोन्ही गोष्टी लिथियमच्या बॅटरीला म्हातारं करतात. मलाही करतात, पण माझ्यासाठी कुणी सावली शोधत नाही, असं बायको म्हणते.

त्यामुळे रविवारी टकटक ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अकरा हजार चारशे हा आकडा आला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. "गेली," मी म्हणालो. "थोरली गेली."

बायको चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात आली. "अरे, दिवे मिणमिणतायत ना? माझ्या गाडीचं असंच झालं होतं. तूच म्हणालास, छोटी बॅटरी."

आमच्या घरात इंजिनिअर मी आहे.

धाकटी म्हणजे साधी बारा व्होल्टची, शिशाची, कुठल्याही गाडीत असते तशी. थोरलीच्या मानाने अगदीच चिल्लर. पण गाडीतले सगळे कॉम्प्युटर तीच जागे करते, आणि थोरलीच्या दाराची कडीही तीच काढते. कोठी धान्याने भरलेली आहे, पण किल्ली आजीच्या कमरेला आणि आजी झोपलेली, अशातली गत. तीनशे व्होल्ट पाठीमागे तुडुंब बसलेत आणि आतला दिवासुद्धा नीट लागत नाही. एकदा गाडी सुरू झाली की थोरलीच धाकटीला चार्ज करते, पण आधी धाकटीने उठायला हवं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

तेवढ्यात सांगलीहून नानांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्रीचे सव्वाआठ. जेवण झालेलं, बातम्या बघून झालेल्या, म्हणजे नाना आता सल्ला द्यायला पूर्ण मोकळे.

"पाणी पाहिलंस का?"

"नाना, ही सीलबंद असते. पाणी घालायचं नसतं."

"असं सांगतात रे. झाकण उघडून बघ की. परवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत दीड लिटर बसलं."

"हिला झाकणच नाही."

"बरं, मग दुसऱ्या गेअरला टाक आणि दोघांकडून धक्का मारून घे. फियाट कशी उठायची?"

"हिला तसले गेअर नसतात, नाना. क्लचही नाही."

"मग आहे काय तिला?"

"बॅटरी."

"ती तर गेली की."

यावर मला काही बोलता आलं नाही. फोन मुलीच्या हातात दिला आणि मी धाकटीकडे निघालो.

धाकटी राहते डिकीत. डिकी उघडते बटणाने. बटण चालतं बॅटरीवर. हे तीन वाक्य मी गाडीच्या मागे उभा राहून दोन-तीनदा मनात म्हटलं, कुठेतरी चूक सापडेल म्हणून. डिकीला किल्लीचं भोक शोधलं. नव्हतं. ज्याने ही रचना केली त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायचं आणि दार आतून लावून घ्यायचं, असं मी ठरवलं आहे.

पण अमेरिकेत २००२ पासूनच्या सेडान गाड्यांच्या डिकीत आतून उघडायची मूठ असावी लागते, कुणी आत अडकलं तर बाहेर पडता यावं म्हणून. ती अंधारात चमकते, आणि तिच्यावर डिकीतून उडी मारून पळणाऱ्या माणसाचं चित्र असतं. म्हणजे आता कुणीतरी मुद्दाम आत अडकायला हवं होतं.

मी मागची सीट पाडली. थोरलीने जागा अडवून ठेवली होती, उरली होती एक बोगद्यासारखी खिडकी. मी बावन्न वर्षांचा आहे आणि गणपतीपासून गोड बंद करायचं म्हणतोय. डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा खांदा श्वास सोडल्यावर गेला. पोटाशी वाटाघाटी झाल्या. तोंडात मोबाईलची बॅटरी, म्हणजे टॉर्च, म्हणजे तिसरी बॅटरी. आत गेल्या वर्षीच्या मखराचे थर्माकोलचे खांब होते, "पुढच्या वर्षी कामाला येतील" म्हणून ठेवलेले. ते कामाला आले. एक माझ्या मानेवर मोडला आणि त्याचे पांढरे दाणे नाकात, कानात, तोंडातल्या मोबाईलवर. त्या बर्फवृष्टीत कोपऱ्यात ती हिरवट मूठ दिसली. पळणारा माणूस माझ्याकडे बघत होता.

हात पुरेना. अजून एक वीत.

बाहेरून बायकोचा आवाज आला. ती मॅन्युअल वाचत होती. माझे दोन पाय सीटवरून लोंबत असताना तिने शांतपणे वाचून दाखवलं, "अरे, इथे लिहिलंय, बॉनेटखाली लाल झाकण असतं. त्याला दुसऱ्या गाडीची केबल लावली की डिकी उघडते."

मी आतून काही बोललो. ते मराठी शाळेच्या अभ्यासक्रमात नाही. "बाबा, याचा अर्थ काय?" असा प्रश्न आला आणि त्याच झटक्यात माझा हात मुठीपर्यंत पोचला. डिकी उघडली. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन उभे होते. आमच्या डिकीतून थर्माकोलने माखलेला माणूस उठून बसला आणि त्यांना गुड मॉर्निंग म्हणाला. त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं.

धाकटी कोपऱ्यात निमूट बसली होती. सात वर्षांची होती, तिच्या जातीच्या मानाने पिकलं पानच. तिला सोडवायला दहा मिलिमीटरचा पाना लागतो. माझ्याकडे ब्याण्णव नगांचा पेटी-संच आहे. त्यात आठचा आहे, नऊचा आहे, अकराचा आहे. दहाच्या खाचेत लग्नातल्या कोटाचं बटण होतं. कुठल्याही घरातल्या कुठल्याही पेटीत दहाचाच का हरवतो यावर मी एकदा स्वतंत्र लिहिणार आहे.

मग आठवलं. मी अमेरिकेला निघालो तेव्हा नानांनी माझ्या बॅगेत मेतकुटाच्या पुड्याशेजारी फडक्यात गुंडाळून दहा-अकराचा पाना ठेवला होता. "तिकडे मिळेल ना, नाना," असं मी तेव्हा चिडून म्हटलं होतं. तो सापडला देवघराच्या खणात, कापूर आणि जुन्या जानव्यांच्या मध्ये. अजूनही फडक्यात. आधी काळी वायर, मग तांबडी. हा क्रम नानांनी फियाटवर शिकवला होता, तो इथेही तोच निघाला.

नवी आणायला बायकोच्या गाडीतून गेलो. ती गाडी सतरा वर्षांची आहे, शुद्ध पेट्रोलवर चालते आणि कधी बोलून दाखवत नाही. बॅटरी दोनशे चाळीस डॉलर. जुनी परत आणून दिली की बावीस डॉलर परत. आपली मोड. शिसं इथेही मोडीतच जातं, फक्त तागडी नसते.

नवी धाकटी अठरा किलो भरली. डिकीच्या कठड्यावरून वाकून ती कोपऱ्यात बसवताना कंबरेतून जो आवाज आला तो थेट डॅशबोर्डमधल्या पालीचा होता. तिच्या बाजूची बारीक नळी लावायची राहिली होती, तीही लावली. बंद डिकीत गॅस साठू नये म्हणून ती असते.

पण बॅटरी नवी आली आहे हे गाडीला सांगावं लागतं, नाहीतर ती जुनीच समजून तिला तसंच वागवते. सांगायचं कसं? इंजिन सुरू न करता पुढचे मोठे दिवे पाच वेळा उघडझाप करायचे, मग हॅझर्डचं बटण तीन वेळा दाबायचं, आणि बॅटरीचा दिवा तीन वेळा लुकलुकायची वाट बघायची. मुंजीनंतर इतक्या गांभीर्याने मी काही मोजलं नव्हतं. पहिल्या खेपेला दिवे सहा वेळा झाले. पुन्हा पहिल्यापासून. समोरचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन परतत होते. आमचे दिवे त्यांच्या अंगावर पाच वेळा लागले. त्यांनी हात वर केला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले.

बॅटरीचा दिवा लुकलुकला. एक, दोन, तीन.

मी बटण दाबलं. कासव गेलं. हिरव्या अक्षरांत "रेडी" उमटलं आणि खाली थोरलीचे अकरा मैल, होते तिथेच.

मुलीने फोन समोर धरला. सांगलीत नाना अजून जागे होते.

"आवाज येत नाहीये. म्हणजे चालू नाही झाली."

"झाली, नाना. हिचा आवाज येत नाही."

"मग कळतं कसं?"

मी गाडी हळूच चार फूट मागे घेऊन दाखवली. नाना बराच वेळ बघत राहिले.

"पाणी घातलंस ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दहा-अकराचा पाना डॅशबोर्डवर होता.

"घातलं, नाना."

"बघ. सकाळपासून तेच सांगत होतो."