गोळी कोणती, आठवडा कोणता, लेबल कोणत्या सालचं?

अमेरिकेतल्या वकिलांच्या जाहिरातींत हे ठरलेलंच असतं: गरोदरपणात डिप्रेशनची गोळी घेतली होती आणि बाळात जन्मजात दोष निघाला, तर आम्हाला फोन करा, भरपाई मिळेल. आधीच स्वतःला दोष देत बसलेल्या आईला गाठायची ही पद्धत मला पटत नाही. अशा केसेस खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. पण टिकणारी केस फार अरुंद असते, आणि जाहिरात नेमकं तेच सांगत नाही.

पॅक्सिल, म्हणजे पॅरॉक्सेटीन, घ्या. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, गरोदरपणासाठी या औषधाची श्रेणी ‘सी’वरून ‘डी’, म्हणजे जास्त धोक्याची, केली. स्वीडनच्या नोंदींत पहिल्या तिमाहीत हे औषध घेतलेल्यांच्या बाळांत हृदयदोषाचं प्रमाण सुमारे २ टक्के दिसलं होतं, एरवी ते १ टक्का असतं. ऑक्टोबर २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युरीने पॅक्सिल बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनला एका कुटुंबाला २५ लाख डॉलर द्यायला लावले. ठपका होता डॉक्टरांना पुरेसा इशारा न दिल्याचा. दंडात्मक रक्कम मात्र ज्युरीने दिली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने सुमारे ८०० दावे एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम देऊन मिटवायचं ठरवल्याच्या बातम्या आल्या.

आता झोलॉफ्ट, म्हणजे सर्ट्रालीन. औषधांचा वर्ग तोच, निकाल उलटा. ते बनवणाऱ्या फायझरविरुद्धचे तीनशेच्या वर दावे फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश सिंथिया रूफ यांच्यापुढे एकत्र आले होते. २०१४ मध्ये दावेदारांच्या मुख्य साथरोगतज्ज्ञाची साक्ष नाकारली गेली, २०१५ मध्ये त्यांच्या संख्याशास्त्रज्ञाची. एप्रिल २०१६ मध्ये बहुतेक सगळे दावे कंपनीच्या बाजूने निकालात निघाले आणि २०१७ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम ठेवलं. आक्षेप साधे होते: सोयीचे अभ्यास उचलले, गैरसोयीचे बाजूला ठेवले, आणि एकाच पद्धतीचे निकष सगळीकडे सारखे लावले नाहीत. त्याच काळात, २०१४ मध्ये, साडेनऊ लाखांच्या आसपास गर्भारपणांचा अमेरिकी अभ्यास आला. नैराश्याची तीव्रता आणि इतर कारणं हिशेबात धरल्यावर हृदयदोषात ठळक वाढ त्यात दिसली नाही. कोर्ट निष्ठुर वागलं असं मी म्हणणार नाही. पुरावा खरंच पातळ होता.

म्हणून आपली केस टिकेल का असं कोणी विचारलं, की माझा पहिला प्रश्न आठवड्यांचा. बाळाचं हृदय गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर हे आठवडे पाचवा ते दहावा होतात, आणि या दोन मोजण्यांच्या गोंधळात कितीतरी कागद चुकीचे वाचले जातात. गोळी पाचव्या महिन्यात सुरू झाली असेल, तर हृदयाच्या पडद्यातल्या छिद्राचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. दोष डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा असेल, तर विषयच संपतो. मधुमेह, धूम्रपान, दारू, मिरगीची औषधं, २२व्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा, दोषाची अशी दुसरी कारणं कंपनीचा वकील शोधणारच. तेव्हा बाळाची जनुकीय तपासणी आधीच झालेली बरी.

कागदांत सगळ्यात मोलाची फार्मसीची यादी. तिच्यात तारखा, ताकद, गोळ्यांची संख्या आणि एनडीसी, म्हणजे अमेरिकेतला औषधाचा ओळख क्रमांक, असतो. गोळी कोणत्या कंपनीची, हे त्या क्रमांकावरून कळतं. फार्मसी जुन्या नोंदी कायम ठेवत नाही, म्हणून ही यादी पहिल्यांदा मागवा. मग पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी, प्रसूतिपूर्व तपासणीची फाइल, बाळाचा इको. डॉक्टरांची साक्षही निर्णायक ठरते, कारण तिथल्या कायद्यात इशारा द्यायचा असतो मुख्यतः डॉक्टरांना. ‘धोका माहीत असता तरी मी हीच गोळी दिली असती’ असं ते म्हणाले की केस कोसळली.

गोळी जेनेरिक असेल तर वाट आणखी बिकट. २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की जेनेरिक कंपनीला मूळ ब्रँडचंच लेबल छापावं लागतं, त्यामुळे अपुऱ्या इशाऱ्यासाठी तिच्यावर राज्याच्या कायद्याखाली दावा चालत नाही. कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या ठिकाणी त्या लेबलसाठी ब्रँड कंपनीला धरता येतं. आणि भारतातून येताना आणलेल्या पाकिटातली गोळी घेतली असेल, तर अमेरिकी ब्रँडवरचा दावा जवळजवळ उभाच राहत नाही.

पैसे मिळालेच तर वकिलाची फी बहुधा ३३ ते ४० टक्के, खर्च वेगळा. मेडिकेडने, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेने, केलेल्या उपचारांच्या खर्चाची वसुली त्यातूनच होते. मुलाच्या नावचा समझोता न्यायाधीशाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. रक्कम स्पेशल नीड्स ट्रस्टमध्ये, म्हणजे अपंग व्यक्तीसाठीच्या खास न्यासात, न ठेवता सरळ मुलाच्या खात्यात टाकली, तर एसएसआय या सरकारी मासिक मदतीसाठीची २००० डॉलरच्या मालमत्तेची मर्यादा ओलांडली जाते आणि ती मदत बंद पडते. ही चूक जितकी टाळता येण्याजोगी, तितकीच महागडी.

जाहिरात बघून चालू गोळी एकदम बंद करू नका, हे मात्र ठासून सांगतो. पॅरॉक्सेटीन शरीरातून लवकर निघून जातं. अचानक थांबवलं तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते, आणि नैराश्य उलटलं तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात. बदल करायचा तो मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांना विचारून, शक्यतो गर्भधारणेआधी.

भारतात काय, असं विचाराल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन-दायित्वाचं प्रकरण आहे आणि अपुऱ्या इशाऱ्यासाठी उत्पादकाला धरता येतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं. पण कलम ८७ मध्ये उत्पादकाला एक सूटही आहे: तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची वस्तू असेल आणि त्या तज्ज्ञापर्यंत इशारा पोहोचवायचे वाजवी प्रयत्न झाले असतील, तर तो सुटतो. म्हणजे इथेही पहिला शोध औषधाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकाचाच. त्यात गरोदरपणाच्या मथळ्याखाली काय छापलं होतं ते आधी मिळवा, वकील नंतर.