तीन नंबरचा बावटा म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे चक्रीवादळ नव्हे

‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे चक्रीवादळ येत आहे, गाव सोडा’ असा संदेश दापोली-हर्णै परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. हा अर्थ चुकीचा आहे.

बावटे, म्हणजेच बंदरावरील वादळी हवामानाचे इशारे, 1 ते 11 अशा क्रमांकांचे असतात. भारतीय हवामान विभागाच्या सूचनेवरून ते दिवसा खांबावर आकृत्या चढवून आणि रात्री दिवे लावून दाखवले जातात, जेणेकरून नाखव्याला होडीतूनही ते दिसावेत. पहिले दोन क्रमांक दूर समुद्रात हवामान बिघडल्यास असतात. तिसरा सांगतो की बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा त्रास संभवतो. प्रत्यक्ष ‘धोका’ पाचव्यापासून आणि ‘महाधोका’ आठव्यापासून सुरू होतो, तर अकरावा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे. चक्रीवादळाची प्रतवारी मात्र वेगळ्याच मोजमापावर, वाऱ्याच्या वेगावर ठरते व ताशी 62 किलोमीटरपासून सुरू होते. हे सर्व हवामान विभागाच्या प्रसिद्ध माहितीत आहे.

तीन नंबर हलक्यात घ्यावा असे मी मुळीच म्हणत नाही. होड्या खाडीत आणून दोर दुहेरी बांधायलाच हवेत. परंतु 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ सोसलेल्या आपल्या गावांत अशा संदेशाने म्हातारी माणसे रात्रभर जागी राहतात, हे मी शेजारच्या घरात पाहिले आहे. गाव सोडण्याचा निर्णय जिल्हा प्रशासन कळवते, बावट्याचा क्रमांक नव्हे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती टाका.