आईंच्या वाडग्यातल्या रश्शाबद्दल, दुकानमालकाकडून

नमस्कार ताई,

आमच्या रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सच्या, दुकानाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की शाकाहारी आईंना डुकराचा रस्सा दिला गेला, नूडल्स कच्च्या होत्या आणि वाडगा लहान होता. मराठीत लिहिलंत, म्हणून मराठीतच उत्तर देतो.

रश्शाची चूक सर्वस्वी आमची. बटण दाबून पदार्थ निवडायच्या तिकिटाच्या मशीनवर अंड्याच्या रामेनचं बटण आहे, त्यावरच्या फोटोत मांस दिसत नाही. तुम्ही काउंटरवरच्या मुलाला "नो मीट?" असं विचारलंत आणि तो हो म्हणाला. त्याच्या लेखी मांस म्हणजे वर ठेवतात ते चाशूचे, म्हणजे शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे काप. रस्सा तो त्यात धरतच नाही. पण मी कोल्हापूरचा. आपल्याकडे असं विचारण्याचा अर्थ काय, हे मी त्याला आधीच सांगायला हवं होतं. पांढरा रंग बघून आईंना दूध घातलंय असं वाटलं, हे वाचून पोटात कालवलं. त्यात दुधाचा थेंब नसतो. आम्ही डुकराची हाडं मोठ्या आचेवर दहा-बारा तास खळाखळा उकळतो. त्यातली चरबी आणि मगज पाण्याशी एकजीव झाला की रस्सा असा पांढरा होतो. इथे फुकुओका शहराच्या हाकाता भागात तोन्कोत्सु म्हणतात तो हाच.

आईंची हात जोडून माफी मागतो. मशीनवर आता मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चिकटवलंय : 'प्रत्येक रश्शात डुकराची हाडं आहेत. शाकाहारी काहीही नाही.' गिऱ्हाईक दारातून परत गेलं तरी चालेल.

नूडल्सचं मात्र वेगळं आहे. तुमच्या यजमानांनी शेजारच्याचं ऐकून 'बारीकाता' मागितलं, म्हणजे अगदी कडक. या नूडल्स सुतासारख्या बारीक, पिठात पाणी कमी. रश्शात पडल्या की मिनिटागणिक मऊ होतात. म्हणूनच एका वेळी थोड्याच वाढतो. रस्सा राखून 'काएदामा' म्हटलं की दीडशे येनमध्ये दुसरी गुंडाळी येते. नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईच्या माणसांसाठी निघालेली ही पद्धत, ती मी बदलणार नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हे चुकलं.

एक स्टार तसाच राहू द्या, शाकाहारी माणसाच्या नजरेस पडेल. तिकिटाचे पैसे परत करतोच. अजून फुकुओकात असाल तर आईंना आमच्या घरी वरण-भाताला घेऊन या. घरची भांडी वेगळी आहेत, दुकानातलं एकही भांडं तिथे येत नाही.